लेण्याद्रीचा विहार

जुन्नरजवळील लेण्याद्रीस गिरिजात्मज गणपतीच्या दर्शनार्थ भाविकांची रीघ लागते. अष्टविनायकांतील हे स्थान मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार होय, हे त्यांपैकी कितीजणांस ठाऊक असते? या सातव्या लेण्याच्या तिन्ही भिंतींत कोरलेल्या 20 खोल्या आम्ही मोजल्या. मागील भिंतीतील मधल्या दोन खोल्या एक करून तेथे पुढे गणेशाची स्थापना झाली. शेजारच्या सहाव्या लेण्यातील चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताचे दान असल्याचे तेथील शिलालेख सांगतो. दात्याचे नाव उरले, संघ मात्र उरला नाही! बौद्ध धम्म ही हिंदू धर्माचीच शाखा, असे म्हणणाऱ्यांनी ही वास्तू निरखून पाहावी. मूळ आराखड्यात देवासाठी गाभारा नाही. आहेत त्या माणसांच्या निवासाच्या खोल्या. गाभारा नंतर, खोल्या फोडून करावा लागला.