धारच्या डॉक्टरीणबाई

देवासचे नाव काढले की इंग्रजी वाचणाऱ्यांना ई. एम. फॉर्स्टर आठवतात. १९२१ साली ते देवास थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून काही महिने राहिले आणि त्या आठवणींवर १९५३ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. देवीची टेकडी जगाला ठाऊक झाली. पण तिथून शंभरेक किलोमीटरवर, पवारांच्याच धारमध्ये एक परदेशी बाई तीन दशकांहून अधिक काळ राहिली. तिचे नाव आज आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

डॉ. मार्गारेट ओहारा मूळच्या कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताच्या. जन्म १८५५ चा. आधी शाळेत शिक्षिका होत्या, मग वैद्यकी शिकल्या. ज्या किंग्स्टन गावी त्या शिकल्या, तिथे मुलांनी मुलींबरोबर बसायला नकार दिल्यामुळे १८८३ मध्ये बायकांसाठी वेगळे वैद्यकीय महाविद्यालय काढावे लागले होते. आपल्या आनंदीबाई जोशी त्याच वर्षी अमेरिकेला निघाल्या, हे ध्यानात घेतले म्हणजे दोन्हीकडचा काळ सारखाच कसा आडवा येत होता ते कळते. ओहारा १८९१ मध्ये पदवी घेऊन कॅनेडियन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे माळव्यात आल्या. आधी इंदूर, आणि १८९५ पासून धार.

धारला तेव्हा आगगाडी नव्हती. महूला उतरून पन्नासेक किलोमीटर सडकेने जायचे. त्या काळी मिशनच्या माणसाला पहिले काम असे ते भाषा शिकण्याचे. आणि माळव्यात कोणती भाषा शिकायची? कचेरीत नि बाजारात हिंदी, खेड्यात माळवी, डोंगरात भिली, आणि सरदारांच्या वाड्यात आपली मराठी! दुखणेकरीण "जीव घाबरतो" म्हणते की "पोटात गोळा उठतो" म्हणते, हे ज्याला कळत नाही त्याच्या पेटीतल्या औषधाचा काय उपयोग? आपण दुभाषी घरांतली माणसे ही अडचण चटकन समजू शकतो. आजीचे दुखणे हिंदीत डॉक्टरला समजावताना आपल्यापैकी कोणाची तारांबळ उडाली नाही?

पडद्यातल्या बाईला पुरुष डॉक्टरने तपासणे तेव्हा अशक्यप्राय होते. म्हणूनच मिशनने बायका डॉक्टर पाठवल्या आणि म्हणूनच वाड्यांचे दरवाजे त्यांना उघडले. दुखणी रोजचीच होती. अडलेली बाळंतीण, हिवताप, डोळे येणे, पायऱ्यांच्या बावडीतले पाणी पिऊन झालेला नारू. (हा नारू आपल्या देशातून जायला १९९६ साल उजाडावे लागले.) शिवाय माळवा हा अफूचा मुलूख. कामाला जाणारी आई तान्ह्याला अफूची बाळगोळी देऊन निजवी. त्या आईला रागावून भागत नाही. मूल सांभाळायला घरी कोणी नाही, हे तिचे खरे दुखणे असते.

संवत १९५६ चा, म्हणजे १८९९–१९०० चा छप्पनिया दुष्काळ माळव्यावरून गेला. मिशनने अन्न दिले, पोरकी मुले जवळ केली. ती मुले ख्रिस्ती म्हणून वाढली, हेही खरे. सेवा धर्मासाठी की धर्म सेवेसाठी, हा वाद आपल्याकडे तेव्हापासून आहे. आपण धर्म सांगायला आलो आहोत, हे मिशनची माणसे लपवीत नसत. अविश्वास बाळगणाऱ्यांना कारणे होती, आणि वाचलेल्या बाळंतिणीच्या घरच्यांनाही त्यांची कारणे होती. इतिहास लिहिणाऱ्याने दोन्ही नोंदवावीत.

ओहारा १९२७ पर्यंत इथे होत्या. सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. १९३१ मध्ये त्यांचे 'लीफ ऑफ द लोटस' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि १९४० मध्ये मायदेशी त्यांचे निधन झाले.

धारला त्या आल्या त्याला बरोबर शंभर वर्षे झाली त्या वर्षी, २५ फेब्रुवारी १९९५ रोजी, देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात सिस्टर राणी मारिया यांना धावत्या बसमधून उतरवून ठार मारण्यात आले. त्या परदेशी नव्हत्या, केरळच्या होत्या. पण इथल्या आदिवासींची भाषा त्यांनाही शिकावीच लागली होती. औषधाच्या बाटलीपेक्षा सावकाराच्या वहीत हात घालणे अधिक धोक्याचे ठरले. पुढे २००२ च्या राखीपौर्णिमेला त्यांच्या धाकट्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली.

ओहाराबाईंची हकीकत आपल्याला कळते ती मुख्यतः मिशनच्या कागदांतून, म्हणजे वर्गणी देणाऱ्या दूरच्या वाचकांसाठी लिहिलेल्या मजकुरातून. त्यात आपण बहुधा दुखणेकरी म्हणूनच येतो. त्यांना रस्ता दाखवणारा टांगेवाला, शब्द समजावून सांगणारी मराठी बाई, दिवा धरून उभी राहिलेली दाई यांची बाजू लिहून ठेवायची ती आपणच. धार-देवासच्या जुन्या घरांत अजून मोडी बाडे आहेत, पत्रे आहेत, नव्वदीच्या आज्या आहेत. या दिवाळीत फराळाचे ताट पुढे करताना त्यांना एवढे विचारावे: "आपल्या घरात बाळंतपणाला पूर्वी कोण येई?"