दुष्काळी फवारणीचं कूळ

मरुदानल्लूरचं नाव मराठी वाचकाने ऐकलं असेलच, तर भजन संप्रदायाच्या सद्गुरुस्वामींच्या मठामुळे. कुंभकोणमजवळचं हे गाव कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, भाताच्या मुलखात आहे. 1934 साली मेट्टूर धरण झालं, तेव्हापासून इथला कुरुवई हंगाम 12 जूनला सुटणाऱ्या पाण्याकडे डोळे लावून असतो. धरणात पाणी नसलं, किंवा 2016 सारखा ईशान्य मोसमी पाऊस हुकला, की कालव्यांच्या या मुलखातही भाताची खाचरं भेगाळतात. अशा वेळी पीक तगवायला पानांवर द्रावण फवारायचं, हा उपाय आता सरकारी शिफारशींतही आहे. त्याचं कूळ शोधत मागे गेलं तर ते पानाकडे जात नाही, मातीकडे जातं. आणि माझ्या मते त्याची ताकद आजही मातीवरच उभी आहे.

सर्वांत जुना ठळक दाखला सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेदा’तला, सुमारे हजार वर्षांपूर्वीचा. त्याची पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होती, डॉ. यशवंत नेने यांनी तिची प्रत मिळवली, नलिनी साधले यांनी इंग्रजी अनुवाद केला आणि 1996 साली तो छापून निघाला. त्यातलं कुणपजल म्हणजे मांस, मज्जा, चरबी शिजवून, पेंड, भिजवलेले उडीद, मध, तूप घालून उबेला मुरवलेलं, झाडाच्या मुळाशी ओतायचं पातळ खत. मुरताना प्रथिनं फुटून अमिनो आम्लं सुटतात, आणि आजची कितीतरी जैव उत्तेजकं नेमकी अमिनो आम्लांचीच असतात. म्हणून काही जण पूर्वजांना सगळं ठाऊक होतं असं सांगतात. ते मला पटत नाही. कुणपजल झाडाच्या वाढीसाठी आणि फुला-फळांसाठी होतं; ते दुष्काळावरचा उतारा होतं, असं त्यावरून सिद्ध होत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस कावेरीकाठच्याच कोडुमुडी गावच्या डॉ. के. नटराजन यांनी शेतीसाठी पंचगव्य तयार केलं, ते देवळातल्या पंचगव्यावरून. शेण, गोमूत्र, दूध, दही, तुपात त्यांनी उसाचा रस, शहाळ्याचं पाणी आणि पिकली केळी घातली. शंभर लिटर पाण्यात तीन लिटर, हे त्याच्या फवारणीचं प्रमाण तमिळनाडूभर रूढ झालं.

तिसरी पिढी प्रयोगशाळेतली. कोइंबतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाने ‘पीपीएफएम’ नावाचे गुलाबी जिवाणू पाण्याच्या ताणासाठी शिफारसले. ते मूळचे पानावरच राहतात आणि पानातून बाहेर पडणाऱ्या मिथेनॉलवर जगतात. मोबदल्यात वाढीची संप्रेरकं देतात; काही जाती ताणाच्या वेळी वाढणारं इथिलीनही कमी करतात. तेव्हा हे सगळं थोतांड आहे, हा आक्षेप टिकत नाही. बाजारात भोंदू बाटल्या आल्या, हे मात्र खरं. म्हणूनच केंद्र सरकारला फेब्रुवारी 2021 मध्ये जैव उत्तेजकं खत नियंत्रण आदेशाखाली आणावी लागली.

पण जिवाणू पाणी निर्माण करत नाहीत. दुपारी गुंडाळलेलं भाताचं पान संध्याकाळी उलगडलं, तर मुळाला अजून ओल मिळते आहे आणि फवारणीला काम करायला वाव आहे. सकाळीही ते गुंडाळलेलंच राहिलं, तर कोणत्याही बाटलीचा भरवसा धरू नये. ती ओल धरून ठेवतात हिरवळीच्या खताचा धैंचा, शेणखत आणि हलक्या जमिनीत तळ्याचा गाळ. महाराष्ट्राने 2017 साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली, ती याच हिशोबावर. गाळ ओढणं महाग पडतं आणि धैंच्याला हंगामाआधी पाणी लागतं, ही शेतकऱ्याची तक्रार रास्त आहे. तरी गाळ एकदा पसरला की अनेक हंगाम पुरतो. फवारणी एकाच हंगामाची. ज्याला दोन्ही एकदम परवडत नाहीत त्याने पैसा आधी मातीत घालावा. आणि ज्याने बाटली घेतलीच आहे, त्याने शेतातला एक पट्टा न फवारता सोडावा आणि कापणीला दोन्हीकडचं धान्य वेगळं मोजावं.