आजाऱ्याची सेवा : उपकार की हक्क?

आपल्या विहारात दरवर्षी आरोग्य शिबिर भरते. गेल्या खेपेला आम्ही मंडळी खुर्च्या मांडण्यात गुंतलो होतो. वस्तीतल्या एक आजीबाई रक्तदाब तपासून उठल्या आणि त्यांनी डॉक्टरांपुढे हात जोडले. "बाबा, लई उपकार झाले," म्हणाल्या. सोबत त्यांचा कॉलेजात जाणारा नातू होता. तो पटकन म्हणाला, "आजी, उपकार कसले? हा आपला हक्क आहे." आजी हसल्या आणि म्हणाल्या, "हक्क असता तर वरसातून एकदाच कशाला मिळाला असता?"

सगळे हसले, आम्हीही हसलो. पण घरी गेल्यावर आजीचा प्रश्न डोक्यातून जाईना. आजाऱ्याची सेवा हा उपकार आहे, धर्म आहे की हक्क आहे? आणि ती करायची कोणी? वर्धापन दिनाच्या स्मरणिकेसाठी लिहायला सांगितले गेले, तेव्हा आम्ही ठरवले की या प्रश्नाचा माग इतिहासात काढायचा.

तथागतांनी घालून दिलेला नियम

विनयपिटकाच्या महावग्गातली एक हकीकत आपण प्रवचनात अनेकदा ऐकलेली आहे. भगवान बुद्ध आनंदाला बरोबर घेऊन भिक्खूंच्या निवासात फिरत होते. एका ठिकाणी एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता. तुझी सेवा करायला कोणी नाही का, असे तथागतांनी विचारले. कोणी नाही, असे तो म्हणाला. का नाही? तर मी भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझ्याकडे बघत नाहीत.

तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. त्यांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. एकाने डोक्याकडून आणि एकाने पायाकडून उचलून दोघांनी त्याला बिछान्यावर निजवले. मग संघाला एकत्र बोलावून तथागत म्हणाले की, भिक्खूंनो, तुमची सेवा करायला इथे तुमचे आई-बाप नाहीत. तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची आहे, त्याने आजाऱ्याची करावी.

हकीकत बहुतेकदा इथपर्यंतच सांगितली जाते, पण पुढचा भाग तितकाच मोलाचा आहे. उपाध्यायाने शिष्याची सेवा करावी, शिष्याने उपाध्यायाची करावी, आचार्याने करावी, सोबत राहणाऱ्यांनी करावी, असा क्रम त्यात लावून दिला आहे. आणि यांपैकी कोणीच नसेल, तर संघाने करावी, न केल्यास संघाला दोष लागतो.

वाचकहो, हा केवळ करुणेचा उपदेश राहिला नाही, त्याचा नियम झाला. 'तो माझ्या उपयोगाचा नाही' ही सबब तथागतांनी मोडीत काढली, आणि ज्याचे कोणी नाही त्याची जबाबदारी सगळ्यांच्या समूहावर टाकली. सेवा करणारा कसा असावा हेही तिथेच सांगितले आहे. त्याला औषध तयार करता यावे, काय हितकर आणि काय अहितकर ते कळावे, मलमूत्राची किळस नसावी, आणि त्याने लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीभावनेने सेवा करावी.

जीवकाच्या दारातली गर्दी

पण संघ म्हणजे काही सारा देश नव्हे. तिथे अडचण आली, आणि महावग्गाने ती लपवलेली नाही.

मगधात कुष्ठ, गंड, किलास, क्षय आणि अपस्मार या पाच रोगांची साथ पसरली. लोक राजवैद्य जीवकाकडे धावले. जीवक म्हणाला, माझ्यामागे राजा बिंबिसाराचे, त्याच्या अंतःपुराचे आणि बुद्धप्रमुख भिक्खूसंघाचे काम आहे, मला सवड नाही. लोकांनी विचार केला की संघात शिरलो तर भिक्खू सेवा करतील आणि जीवक औषध देईल. मग रोगी माणसे प्रव्रज्या घेऊ लागली. एक जण बरा झाल्याबरोबर चीवर सोडून घरी गेला, तो नेमका जीवकाला दिसला. जीवकाने भगवंतांना विनंती केली, आणि या पाच रोगांच्या माणसाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला.

हा नियम वाचून मनाला टोचते, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. रोग्यालाच दार बंद? आम्ही यावर पुष्कळ बोललो. शेवटी आम्हाला जे उमगले ते असे. भिक्षेवर जगणारा संघ साऱ्या मगधाचा दवाखाना होऊ शकत नव्हता. आणि त्या माणसांना तरी खोटे कोणी बनवले? औषध फक्त राजवाड्यात आणि संघातच मिळत होते म्हणून त्यांना चीवर पांघरावे लागले. उपचार अमक्या गटातल्यालाच मिळणार असेल, तर बाहेरच्याला एक तर सोंग घ्यावे लागते, नाहीतर मरावे लागते. एवढे मोठे ओझे उचलायला संघाहून मोठा कोणी तरी हवा होता.

सम्राट अशोकाचा दुसरा शिलालेख

ते ओझे इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने उचलले. त्याच्या चौदा शिलालेखांपैकी दुसरा याच विषयाचा आहे. आपल्या राज्यात, तसेच चोळ, पांड्य, सतियपुत्र, केरळपुत्र, ताम्रपर्णी या शेजारी देशांत आणि ग्रीक राजा अंतियोकच्या मुलखात दोन प्रकारच्या चिकित्सेची सोय केल्याचे त्यात नोंदवले आहे. एक माणसांची, एक जनावरांची. जिथे औषधी वनस्पती नव्हत्या तिथे त्या आणवल्या आणि लावल्या. वाटांवर विहिरी खणल्या, झाडे लावली.

लेखात भेद केला आहे तो एवढाच, माणूस आणि जनावर. वर्ण नाही, पंथ नाही, राज्याची हद्दसुद्धा नाही. आपल्या नालासोपाऱ्याला १८८२ साली अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तो आठव्या लेखाचा आहे, पण जिथे हे लेख कोरले जात तिथे आपलाही मुलूख होता, हे ध्यानात ठेवावे.

पुढे राज्ये बदलली. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या फाहियान या चिनी भिक्खूने पाटलिपुत्रात श्रीमंत गृहस्थांनी चालवलेले दवाखाने पाहिले. गोरगरीब, अनाथ, लुळेपांगळे यांना तिथे फुकट अन्न-औषध मिळे. चांगली गोष्ट आहे. पण ते दान होते. दात्याचे मन फिरले, घराणे बुडाले की दानही बुडते. आणि ज्या समाजात माणसाचा स्पर्शच विटाळ ठरला, तिथे वैद्याने नाडी तरी कशी धरावी?

दोन रुपयांचा जामीन

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींच्या टिपणात एक पत्र दिले आहे. ते १९२९ साली 'यंग इंडिया'त छापून आले होते. काठेवाडातल्या एका अस्पृश्य शाळामास्तराची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार होईना. नगरशेठ मध्ये पडले, दोन रुपये फीला जामीन राहिले, तेव्हा डॉक्टर आला तो वस्तीबाहेर. ओल्या बाळंतिणीला बाळासकट बाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्याने मास्तरांना दिला, मास्तरांनी बायकोला लावला आणि त्याच वाटेने तो परत गेला. दिव्याच्या उजेडात थर्मामीटर बघून डॉक्टरने न्यूमोनिया असल्याचे सांगितले. पुढे ती बाई गेली.

इथे पैसा होता, डॉक्टर होता, औषध होते. नव्हता तो फक्त हात.

त्याआधी बत्तीस वर्षे, १८९७ साली, पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. सावित्रीबाई फुले यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतःच्या पाठीवर घेऊन तिथे पोहोचवले. त्यातच त्यांना प्लेग लागला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. तो हात त्यांच्याजवळ होता. पण एका माउलीच्या पाठीवर साऱ्या देशाची मुले कशी मावणार?

बाबासाहेबांनी धरलेली वाट

बाबासाहेबांनी हा प्रश्न दयेच्या खात्यातून काढून कायद्याच्या खात्यात घातला. १९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणीतल्या बायांना बाळंतपणाच्या काळात पगारी रजा देणारे विधेयक आले. खर्च वाढेल अशी ओरड झाली. बाबासाहेबांचे म्हणणे असे की, आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणे ही राष्ट्राच्या हिताची गोष्ट आहे, म्हणून त्याचा मोठा भार सरकारनेच उचलला पाहिजे, आणि बाईच्या श्रमातून मालकाचा फायदा होतो म्हणून मालकानेही वाटा द्यावा. कायदा १९२९ साली झाला.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या खात्याच्या काळात, १९४३ साली, प्रा. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना सोपवली गेली, १९४४ साली अहवाल आला, आणि त्यातूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. आपल्या वस्तीतले जुने गिरणी कामगार ज्याला नुसते 'ईएसआय' म्हणत, ते हेच. कामगाराच्या पगारातून थोडे, मालकाकडून जास्त, आणि त्यातून साऱ्या कुटुंबाला दवापाणी. पण नाक्यावरचा बिगारी, घरकाम करणारी बाई, कचरा वेचणारी मावशी यांच्याकडे कारखान्याचे कार्ड कुठून असणार? जीवकाच्या दारातली गर्दी पुन्हा बाहेरच राहिली.

त्याच सुमारास सर जोसेफ भोर यांची समिती काम करत होती. हे काम बाबासाहेबांच्या खात्याचे नव्हते, पण काळ तोच. १९४३ साली नेमलेल्या या समितीने १९४६ साली अहवाल दिला. तेव्हा ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० लोकांमागे एक नर्स होती, सरासरी आयुष्य सत्तावीस वर्षांच्या आत होते. पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही उपचाराविना राहू नये, हे तत्त्व समितीने मांडले. पहिल्या टप्प्यात चाळीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचवले. १९५२ पासून अशी केंद्रे निघू लागली, ती आजही आपल्या गावाकडे आहेत. कुठे डॉक्टर असतो तर कुठे नुसती पाटी असते, हे गावी जाणाऱ्यांना सांगायला नको.

संविधानात काय आहे?

संविधानाच्या कलम ४२ मध्ये प्रसूती साहाय्याची तरतूद आहे. कलम ४७ प्रमाणे लोकांचे पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे शासनाच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी आहे. ही मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांच्यासाठी थेट कोर्टात जाता येत नाही. यावर घटना समितीत टीका झाली, तेव्हा ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की, सत्तेवर येणाऱ्याला कोर्टात जाब द्यावा लागला नाही तरी निवडणुकीत मतदारांपुढे द्यावा लागेल. म्हणजे जाब विचारायचे काम त्यांनी आपल्यावर सोपवले आहे.

पुढे कोर्टानेही एक दार उघडले. १९९२ साली पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याला जबर मार लागला. त्याला एकामागून एक सरकारी रुग्णालयांत नेले. कुठे खाट नाही, कुठे सोय नाही. शेवटी खाजगीत पदरचे पैसे खर्चून जीव वाचला. ६ मे १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, सरकारी रुग्णालयात वेळेवर उपचार न मिळणे हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसा नाही ही शासनाची सबब चालणार नाही. त्या मजुराला पंचवीस हजार रुपये भरपाई मिळाली.

आणि हे नुसते कोर्टकचेरीनेच होते असेही नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात जामखेडला काम सुरू केले. त्यांनी गावातल्याच बायांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतल्या कित्येक निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. ज्या बाईला उंबऱ्याबाहेर उभे करत, तिलाच बाळंतपणासाठी घरात बोलवावे लागले. काठेवाडातला तो थर्मामीटर असा फिरून योग्य हातात आला.

पुन्हा आजीचा प्रश्न

आज योजना पुष्कळ आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, २०१८ ची आयुष्मान भारत आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले आहेत. हे नाकारून चालणार नाही. पण विम्याच्या योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर कामी येतात. आजीची गोळी रोजची आहे. ती रोज मिळाली तर दाखल व्हायची वेळच येणार नाही, आणि तिच्यासाठी जवळचा सरकारी दवाखानाच धड चालला पाहिजे.

तेव्हा आजी, तुमच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे. नातू म्हणतो ते खरे आहे, तो हक्कच आहे. आणि तुम्ही म्हणता तेही खरे आहे, तो अजून पुरता हातात आलेला नाही. विहाराचे शिबिर त्या हक्काची जागा घेऊ शकत नाही. एका दिवसाच्या शिबिरावर समाधान मानून आपण शासनाला मोकळे सोडले, तर ती आपलीच चूक ठरेल. दवाखान्यात औषध का नाही, हे विचारायला आपण दहा जणांनी मिळून गेले पाहिजे, आणि मत मागायला येणाऱ्यालाही तेच विचारले पाहिजे.

पण शेजारच्या खोलीत एकटा पडलेला म्हातारा काही निवडणुकीची वाट बघू शकत नाही. त्याला दवाखान्यात कोण नेणार, केसपेपर कोण काढणार, रात्री उशाशी कोण बसणार? त्याचे कोणी नसेल, तर नियम अडीच हजार वर्षांपूर्वीच ठरलेला आहे. संघाने करावी, न केल्यास दोष संघाचा.

आपला संघ म्हणजे आपली ही वस्ती.

नमो बुद्धाय! जयभीम!