खिन्न मनाची परीक्षा

खिन्नता कोणाला येत नाही? परंतु विषादरोग ही निराळी गोष्ट आहे. अर्जुनाची गात्रे गळाली, तोंड कोरडे पडले, तेव्हा त्याच्या विषादाचे कारण रणांगणावर समोर उभे होते. विषादरोग्याला पुष्कळदा तसे कारण दाखविता येत नाही. आणि तरीही त्याची झोप, भूक, कामातली गोडी आठवडेच्या आठवडे नाहीशी होते.

असे का व्हावे? सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याचे उत्तर दिले. दुरावलेल्या जिवलगावरचा कोप उलटून स्वतःवरच येतो, तोच विषाद, असे ते उत्तर होते. ते मोठे आकर्षक होते, म्हणूनच की काय, कित्येक वर्षे कोणी ते ताडून पाहण्याच्या फारसे भरीस पडले नाही.

फिलाडेल्फियाचे डॉ. आरन बेक स्वतः मनोविश्लेषक होते आणि हे मत सिद्ध करण्यासाठीच ते पुढे सरसावले. १९५९ च्या सुमारास त्यांनी रुग्णांची स्वप्ने तपासली. स्वप्नांत राग सापडेना. सापडले ते पराभव, नकार, हातातोंडाशी आलेला घास जाणे. रुग्ण स्वतःलाच शिक्षा करीत असावा, असा अर्थ त्यांनी प्रथम लावला. परंतु मग अशा माणसाला यश नकोसे वाटायला हवे! बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांना कार्डे निवडण्याचे साधे काम दिले. ते साधले, तेव्हा रुग्णांना उभारी आली. यशाचा त्यांना मुळीच तिटकारा नव्हता. बेक यांनी गुरुपरंपरेचे मत सोडले, आणि त्यांची थोरवी मला येथे दिसते. ‘मी निकामी आहे, पुढे काही चांगले होणे नाही’ असे विचार रुग्णाच्या मनात आपोआप उठत असतात. ते पुराव्याशी ताडून पाहायला त्याला शिकवावे, हा त्यांचा नवा उपचार. विषादाची तीव्रता मोजण्यासाठी २१ बाबींची प्रश्नावली त्यांनी १९६१ सालीच प्रसिद्ध केली होती.

१९७७ साली ४१ रुग्णांवर बारा आठवड्यांची तुलना झाली. तीत हा उपचार इमिप्रामीन या औषधाहून सरस ठरला. औषध अखेरीस कमी करीत आणले होते, ही टीका मात्र रास्त होती.

पुढे बेक यांच्या मतावरही तीच पाळी आली. सिएटलचे नील जेकबसन यांनी १९९६ साली त्या उपचाराचे भाग सुटे करून पाहिले. एका गटाच्या विचारांना हातच लावला नाही. टाळलेली कामे, सुटलेल्या गाठीभेटी थोड्याथोड्याने पुन्हा सुरू करविल्या, इतकेच. तो गट संपूर्ण उपचार घेणाऱ्यांपेक्षा मागे पडला नाही!

एवढे सोपे साधन असेल, तर त्याला पदवीधर तज्ज्ञच कशाला हवा? हे पाहिले गेले आपल्या शेजारी, गोव्यात. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगत’ संस्थेतील त्यांचे सहकारी यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या ४९५ विषादग्रस्तांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांना नेहमीच्या उपचाराबरोबर सहा ते आठ भेटी मिळाल्या. भेटणारे समुपदेशक साधी, प्रशिक्षण दिलेली माणसे होती. तीन महिन्यांनी या गटात शंभरांत ६४ जणांची लक्षणे ओसरली होती. दुसऱ्या गटात ३९ जणांची. उरलेल्या ३६ जणांना काय द्यावे, याचा शोध चालू आहे.