फळीची कड राखणारी पट्टी

इस्लामपूर हे वाळवे तालुक्याचे ठाणे. एका अंगाला कृष्णा, दुसऱ्या अंगाला वारणा. सांगलीला कृष्णेवर होड्यांच्या शर्यती होतात, त्या तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील. शर्यतीत आपले लक्ष वल्ह्यांवर असते. आज मात्र जरा होडीच्या आत डोकवा आणि फळीची कड पाहा. होडीचे आयुष्य ठरते ते तिथे.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडीच म्हणाना. फळीच्या पाठीतून पाणी सावकाश मुरते. पण फळी आडवी कापली की नळ्यांची तोंडे उघडी पडतात आणि पाणी भराभर आत शिरते. म्हणून सांधा आणि टोक यांचा बंदोबस्त कसा करावा, हा नाव बांधणाऱ्यांचा फार जुना प्रश्न आहे.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पूर्वी फळ्या काथ्याने शिवीत. पुढे खिळे आले. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली आणि आरमाराची उभारणी सुरू केली. विजयदुर्गाजवळ वाघोटनच्या खाडीत मराठ्यांची गोदी होती. अठराव्या शतकात इकडे आलेल्या ग्रोस नावाच्या इंग्रजाने एक गोष्ट टिपून ठेवली : इथले कारागीर फळीला फळी नुसती भिडवीत नाहीत, तर कडेला खाच पाडून एकीत दुसरी बसवतात. मुंबईत सुरतेच्या लवजी नसरवानजी वाडियांच्या देखरेखीखाली १७५० मध्ये सुकी गोदी तयार झाली. त्याच घराण्याने बांधलेले सागवानी 'त्रिंकोमाली' जहाज १८१७ साली पाण्यात उतरले आणि आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे ते पाहायला मिळते.

मग आले प्लायवुड. लाकडाचे पातळ पापुद्रे, एकाचे रेषे उभे तर दुसऱ्याचे आडवे, असे चिकटवून केलेला हा तक्ता. १९३० नंतरच्या दशकात पाण्याला दाद न देणारी रासायनिक चिकट द्रव्ये आली आणि प्लायवुड नावेत शिरले. १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवणाऱ्या हिगिन्स नौका बहुतांशी प्लायवुडच्याच होत्या. तक्ता हलका आणि मजबूत. पण त्याच्या चारी कडांना नळ्यांची तोंडे उघडी! म्हणूनच आतल्या बाकाला, कप्प्याला, खणाला लाकडी पट्टी लावावी लागते. ती शोभेची वाटते खरी. काम मात्र पहारेकऱ्याचे करते.

आता ती लावायची कशी? नावेच्या आत सरळ रेषा क्वचितच सापडते. तेव्हा परकाराने बाजूचा बाक पट्टीवर उतरवून घ्या आणि मग रंधा चालवा. जिथे चिकटवायचे तिथला जुना रंग, रोगण खरवडून काढा. रंगावर चिकटवलेली पट्टी रंगाबरोबरच सुटते. उघड्या कडेला आधी चिकट द्रव्य पाजा, मग पट्टी बसवा. स्क्रू तक्त्याच्या कडेत घुसवाल तर पापुद्रे उकलतील. तो सपाट अंगातून, आधी बारीक भोक पाडून घाला. लोखंड गंजते, म्हणून पितळ किंवा स्टेनलेस पोलाद बरे. आणि हो, खालच्या कोपऱ्यात पाणी निघून जायला वाट ठेवा. पट्टीमागे साचलेले पाणी बाहेरून दिसत नाही, आणि लाकूड कुजते ते तिथेच.

हे सारे कशासाठी? २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आठवा. पुरासाठी ठेवलेली होडी वर्षानुवर्षे कोरड्यात पालथी पडून राहते आणि ऐन पुरात एकदम माणसे भरून पाण्यात जाते. त्या वेळी कड तपासायला सवड कुणाला? ती चैत्र-वैशाखातच तपासावी. हातातली टोचणी पट्टीच्या मागे दाबून पाहा. लाकूड मऊ लागले, तर पावसाच्या आधी सुताराला बोलवा.