अजिंठा-वेरूळपासून इंदू मिलपर्यंत : शिल्पकार राम सुतार

दर ६ डिसेंबरला बोईसर, पालघरहून लोकलने दादरला उतरून आपण चैत्यभूमीवर जातो. जवळच इंदू मिलच्या जागेवर बाबासाहेबांचे स्मारक उभे राहत आहे. तिथल्या पुतळ्याचे शिल्पकार राम वनजी सुतार डिसेंबर २०२५ मध्ये, शंभरी पूर्ण करून गेले. त्यांच्या कामाची ही ओळख.

जडणघडण
जन्म १९ फेब्रुवारी १९२५, गोंदूर, जि. धुळे. गुरू श्रीराम कृष्ण जोशी यांच्या प्रोत्साहनाने ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. १९५३ मध्ये मेयो सुवर्णपदक मिळाले. १९५४ ते १९५८ या काळात पुरातत्त्व खात्यात राहून त्यांनी अजिंठा-वेरूळच्या शिल्पांची डागडुजी केली. पुढे सरकारी नोकरी सोडून पूर्णवेळ शिल्पकार झाले.

बदलत गेलेले काम
गांधीसागर धरणावरची ४५ फुटी चंबळ देवी त्यांनी काँक्रीटमधून छिन्नीने घडवली. नंतर भर ब्राँझवर आला : आधी मातीचा नमुना, मग साचा, मग ओतकाम. १८२ मीटर उंचीच्या सरदार पटेलांच्या पुतळ्यासाठी (२०१८) लहान नमुना संगणकाने मोठा करून आतल्या सांगाड्यावर ब्राँझचे पत्रे बसवले गेले. या टप्प्यावर मुलगा अनिल सुतार सोबत होते. इंदू मिलची रचना याच वाटेची : १०० फूट चौथरा, ३५० फूट पुतळा. भूमिपूजन २०१५ चे. दहा वर्षे उलटली तरी आपण वाट पाहतोच आहोत.

आपण काय घ्यावे?
ब्राँझची मूर्ती आपल्या जिल्ह्याला नवी नाही. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्याच्या स्तूपात ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती मिळाल्या होत्या.

वस्तीत वर्गणी काढून पुतळा बसवताना मात्र आपण घाई करतो. चेहरा बाबासाहेबांसारखा दिसत नाही, हे अनावरणाच्या दिवशी कळून उपयोग नसतो. दुरुस्ती मातीच्या नमुन्यातच होते. ओतकाम झाले की हात बांधले जातात. राज्याच्या नियमांनुसार मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. समितीने ती घ्यावीच. शिवाय जाणत्या माणसांना नेऊन नमुना समोरून, बाजूने, खालून दाखवावा.

उंची सरकार ठरवेल. आपल्या वस्तीतला चेहरा नीट घडवून घेणे आपल्या हातात आहे.