नोरेन: दारावरच्या कापडाची कुळकथा

क्योतोच्या किंवा तोक्योच्या मागच्या गल्लीत, नवरा-बायको मिळून चालवत असलेली आठ-दहा माणसांपुरती खाणावळ परक्या माणसाने ओळखायची कशी? पाटी वाचता येत नाही, सरकतं दार बंद असतं. अशा वेळी पाहायचं ते दारावरचं कापड. बांबूत ओवलेलं, मध्ये उभ्या चिरा असलेलं हे कापड म्हणजे नोरेन. ते बाहेर टांगलेलं असलं की दुकान चालू, आत घेतलं की बंद. हे समजल्यापासून मी जपानमध्ये जेवायची जागा यादीवरून शोधणं सोडून दिलं. कापड दिसलं की ते हाताने बाजूला सारून, किंचित वाकून आत शिरायचं.

नोरेनचं कूळ खाणावळीतलं नाही. बाराव्या शतकातल्या जपानी चित्रांच्या गुंडाळ्यांमध्ये शहरातल्या साध्या घरांच्या दारांवर अशी कापडं टांगलेली दिसतात. ऊन, धूळ आणि येणाऱ्याजाणाऱ्याची नजर अडवायची, इतकंच त्यांचं काम. नाव आलं ते झेन मठांतून. तिथे थंडीचा झोत अडवायला दारावर पडदा लावत. चिरांचं कारणही साधं आहे. जपानी मागावरच्या कापडाचा पन्हा अरुंद असतो. असे पट्टे शेजारी-शेजारी ठेवून फक्त वरच्या बाजूला शिवले आणि खाली मोकळे सोडले, की वारा अडतो आणि माणूस अडत नाही.

एदो काळात (१६०३ ते १८६८) शहरं फुगली, सुती कापड सर्वांच्या आवाक्यात आलं आणि व्यापाऱ्यांनी या पडद्यावर दुकानाचं चिन्ह रंगवून घेतलं. त्यासाठीची त्सुत्सुगाकी नावाची रीत फार देखणी आहे. चिकट तांदळाचं पीठ आणि कोंडा यांची खळ कागदी शंकूत भरतात आणि मेंदी काढावी तशी अक्षरांवरून फिरवतात. खळ वाळली की कापड निळीच्या रांजणात बुडवायचं. बाहेर काढताना ते हिरवट दिसतं, हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होत जातं. पुन्हा पुन्हा बुडवून रंग गडद करायचा, शेवटी खळ धुवून टाकायची. तिच्याखालची अक्षरं पांढरी राहिलेली असतात.

चिन्ह आलं तशी दुकानाची अब्रूही त्या कापडावर आली. आज जपानी कंपन्यांच्या ताळेबंदात नावलौकिकाची किंमत ‘नोरेन’ याच नावाने मांडतात. मला मात्र यातली सर्वांत मोलाची वाटते ती नोरेनवाके, म्हणजे नोरेन वाटून देण्याची चाल. दहा-बारा वर्षांचा पोरगा दुकानात देच्ची म्हणून लागायचा, झाडलोट करत हिशेब शिकायचा, पुढे तेदाइ आणि मग बान्तो, म्हणजे मुख्य कारभारी व्हायचा. अशी वर्षानुवर्षं इमानाने काढली की मालक त्याला तेच नाव आणि तेच चिन्ह लावून वेगळं दुकान थाटू द्यायचा, कधी भांडवल आणि गिऱ्हाईकही जोडून द्यायचा. ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी वाचत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे औदार्य विशेष वाटावं. सोबा नावाच्या शेवयांची याबू, साराशिना, सुनाबा ही जुनी घराणी अशीच फांद्या फुटून पसरली.

ही चाल संपलेली नाही. काझुओ यामागिशी यांचंच पाहा. ते तोक्योतल्या नाकानो भागातल्या ‘तैशोकेन’ या शेवयांच्या खाणावळीत राबत होते. उरलेल्या शेवया रश्शात बुडवून नोकरमाणसं खात, तोच प्रकार त्यांनी १९५५ साली गिऱ्हाइकांसाठी मांडला. शेवया वेगळ्या आणि गरम रस्सा वेगळा देण्याची ही तऱ्हा आज त्सुकेमेन म्हणून देशभर चालते. १९६१ साली त्यांनी हिगाशी-इकेबुकुरोला त्याच नावाने स्वतःचं दुकान काढलं. पुढे शिकायला येईल त्याला त्यांनी हात आखडता न घेता कृती शिकवली आणि नाव लावायची मुभा दिली. शिष्यांची दुकानं शंभराच्या वर गेली. पाककृती कुलपात ठेवण्याच्या धंद्यात हे मन फार मोठं आहे. २००७ साली पुनर्विकासात त्यांचं दुकान बंद झालं. पुढच्याच वर्षी जवळच नव्या जागेत ते पुन्हा उघडलं आणि तिथे चुलीपाशी उभा राहिला तो त्यांचा शिष्यच. यामागिशी २०१५ साली वारले.